पेज सुरू होईपर्यंत चौदाशे अठ्ठावीस

फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलोच्या बुद्धिबळ संघात बायकांना जागा होती, पण चौदाशे रेटिंग हवं. माझं तर रेटिंगच नव्हतं.

"शून्य नाही गं रोसेंडा, अजून जन्मायचंय ते," पंच पासियानोकाका म्हणाले. रेटिंगवाल्या पाच जणांशी खेळायचं. त्यांची सरासरी काढायची, मग आपण जिंकलो-हरलो तसं वरखाली. माझ्या पाच जणांची सरासरी आली पंधराशे. दोन डाव जिंकले तर चौदाशे अठ्ठावीस. एकच जिंकला तर घरी जाऊन भांडी.

जत्रेच्या दिवशी, बास्केटबॉलच्या कोर्टावर, चार डावांत मी एक जिंकले. पाचवा दाताच्या डॉक्टर सेवेरिनोंशी. माझी सहा महिन्यांची पिपाय झोळीत, छातीशी, दूध पीत होती. मी उंट हलवू की नको करत होते, तोवर तिने पिता पिताच हात लांबवून माझा घोडा मुठीत धरला.

"हात लागला!" डॉक्टर ओरडले. "आता घोडाच खेळायचा!"

"अहो, तान्हं लेकरू ते," मासळीवाली तेसी म्हणाली. "लोकांचे दात उपटता तेवढं पुरे, तिचा घोडा तरी सोडा!"

पण काका नियमाचे पक्के. घोड्याला जायला एकच घर होतं. रडवेली होऊन मी तो इवल्या मुठीतून सोडवला आणि त्या घरात ठेवला.

मात!

डॉक्टरांनी झोळीकडे बोट केलं. "हिने नाही, त्या पोरीने हरवलं मला. डाव तिच्या नावे लिहा!"

"तसं केलं तर रोसेंडाचे चारच डाव होतात. रेटिंग जन्मणारच नाही." काकांनी चष्मा पुसला. "घोडा धरला तेव्हा पोरगी काय करत होती?"

"दूध पीत होती, काका."

"तोंड सुटलं नव्हतं?"

"नाही."

"मग खेळाडू एकच."

कार्डावर त्यांनी लिहिलं : रोसेंडा-पिपाय, १४२८. खाली बारीक अक्षरात : नुसत्या आईच्या दुधावर आहे तोवर. पेज सुरू झाली की निम्मं निम्मं.

संघाचे सामने तीन आठवड्यांवर आलेत. सासूबाई रोज वाटीत मऊ पेज घेऊन येतात.

"आई, तीनच आठवडे थांबा ना."

"सहा महिने झाले लेकराला. तुझ्या खेळापायी उपाशी ठेवू?"

पिपाय वाटीकडे बघते, माझ्याकडे बघते. मग ओल्या तोंडाने हसत, सावकाश हात लांबवते आणि चमचा मुठीत धरते.

"हात लागला," सासूबाई म्हणतात.