बोहनीच्या आधी

एसेनबेकला कोरियाला जायचं होतं. तिथे त्याची कोणी वाट बघत नव्हतं, पण तसं बिश्केकमध्येही कोणी बघत नव्हतं, आणि कोरियात त्याच शिलाईचा पगार सहापट होता. जायचं तर आधी भाषेची परीक्षा. अर्धी वाचायची, अर्धी ऐकायची. मागच्या वर्षी वाचायच्या अर्ध्यात तो बरा निघाला आणि ऐकायच्या अर्ध्यात असा आपटला, की निकालाचा कागद देणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "त्या दिवशी तुम्ही आला होतात ना?"

यंदा त्याला एकोणचाळीस पूर्ण होणार होती. एकोणचाळिशीनंतर अर्जच घेत नाहीत. म्हणजे हीच शेवटची खेप, आणि हातात चार आठवडे.

ऐकायचा सराव करायचा कुठे, हा प्रश्न होता. घरी दोन खोल्यांत बायको, तीन मुली, सासू आणि सासूचा टीव्ही. शिवणकारखान्यात चाळीस मशिनं. उरली मार्श्रुत्का, म्हणजे ती तेरा सीटांची गाडी, जिच्यात रोज तीसपस्तीस माणसं असतात. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. दिवसाचे अडीच तास कोरियन. एसेनबेकने हिशेब केला आणि आयुष्यात पहिल्यांदा हेडफोन घ्यायला बाजारात शिरला.

बुर्माकान एजेचं, म्हणजे बुर्माकानताईचं, दुकान म्हणजे एक निळा लोखंडी कंटेनर, गाडी बदलायच्या थांब्यासमोरच. एजे पन्नाशीची, डोक्याला फुलांचा रुमाल, पुढ्यात चहाचा थर्मास. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"गाणी ऐकणार?"

"कोरियन."

"कोरियन गाणी?"

"नाही. 'स्टेशन कुठे आहे? स्टेशन तिकडे आहे.' असलं. आवाज स्वच्छ हवा, एजे. त्यांची तीन अक्षरं सारखीच वाटतात. आणि स्वस्त हवा."

"स्वच्छ आणि स्वस्त," एजे म्हणाली. "नवराही मी असाच मागितला होता."

तिने मोठे, अख्खा कान झाकणारे काढले. ते चढवून तो गाडीत शिरला असता तर ड्रायव्हरने सामानाचं वेगळं तिकीट मागितलं असतं. मग बिनवायरीचे काढले. ते छोटे, देखणे, पण त्याच्या गाडीच्या तळाला मागच्या दाराशी एक भोक होतं आणि त्यातून याआधी एका बाईची कवळी गेली होती. शेवटी रबरी बोंडाचे, वायरवाले घेतले. चारशे सोम. एजेने सांगितलं, "आवाज असा, की गाणारा तुझ्या मांडीवर बसलाय असं वाटेल."

संध्याकाळच्या गाडीत कोरियन बाई उजव्या मांडीवर येऊन बसली. डावी मांडी रिकामीच राहिली. डाव्या बोंडात चिटपाखरू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला तो दुकानात हजर.

"डावा बंद आहे."

एजेने हात मागे घेतले, जणू त्याने जिवंत खेकडा पुढे केला होता. "बोहनी झाली नाहीये."

"नुसतं कानाला लावून बघा ना."

"बोहनीच्या आधी परत आलेल्या मालाला हात लावू? दिवसभर मग परत आलेलाच माल येईल. बैस. पहिलं गिऱ्हाईक होऊ दे."

यात वाद नव्हता. एसेनबेकची स्वतःची आई दूध विकायची तेव्हा पहिला पैसा येईपर्यंत शेजारणीला काडेपेटीसुद्धा उसनी देत नसे. तो स्टुलावर बसला. एजेने चहा ओतला. पावणेआठ वाजले. गिऱ्हाईक येईना.

मग पाठीवर पिशव्या घेतलेली एक बाई थांबली. तिने त्याच्या हातातले हेडफोन बघितले. "हे चांगले आहेत का हो, भाऊ?"

"उजवा उत्तम आहे," एसेनबेक म्हणाला. "डाव्याबद्दल मी काही बोलणार नाही."

बाईने त्याच्याकडे, मग एजेकडे बघितलं. "बाजारात खरं बोलणारा माणूस," असं म्हणून तिने तसलेच दोन जोड घेतले. एजेने ती नोट सगळ्या मालावरून झाडूसारखी फिरवली, कपाळाला लावली, आणि तेवढ्यात आणखी चौघे आले. गर्दीत तिने एसेनबेकच्या हातात न बघताच नवा जोड कोंबला. "पळ. हाताला गुण आहे तुझ्या."

नव्या जोडाचाही डावा बंद होता.

गाडीत त्या दिवशी त्याच्या डाव्या अंगाला एक म्हातारी उभी होती. ती काय म्हणाली ते त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा तिची काठी त्याच्या नडगीवर होती आणि सगळी गाडी त्याच्याकडे बघत होती. तो ताडकन उठला.

"तीनदा म्हटलं, बाळा जागा दे. कानात बोळे घातले की म्हाताऱ्या मेल्या काय तुमच्यासाठी?"

"तसं नाही, आपा. डावीकडचा तर बंदच आहे. त्यातून काही येत नाही."

"मग मी डावीकडूनच ओरडत होते ना," म्हातारी जागेवर टेकत म्हणाली.

एसेनबेकने यावर दोन थांबे विचार केला. मग ठरवलं, की हेडफोन इतके निकृष्ट आहेत की बंद असतानाही ऐकू देत नाहीत.

तिसऱ्या दिवशी पुन्हा स्टूल, पुन्हा चहा. या खेपेला वाहतूक पोलीस थांबला. "उजव्यात बाई शेजारी बसल्यासारखी वाटते," एसेनबेकने त्याला प्रामाणिकपणे सांगितलं. पोलिसाने दर न विचारता घेतले. पुन्हा गर्दी, पुन्हा नवा जोड, पुन्हा डावा बंद. कारखान्यात उशिरा गेल्याबद्दल मुकादमाने झापलं. पण तो डावीकडे उभा राहून झापत होता, त्यामुळे ते फारसं लागलं नाही.

चौथ्या दिवशी मात्र तो पोचायच्या आधीच बोहनी झाली होती. लग्नात गाणाऱ्या एका टोळीने सहा जोड नेले होते आणि एजे सुपारी फुटल्यासारखी मोकळी बसली होती. तिने हेडफोन घेतले, पुसले, कानात घातले आणि त्याला फोनवर धडा लावायला सांगितला.

"स्टेशन कुठे आहे," ती कोरियनमध्ये म्हणाली. "दोन्हीकडून विचारतेय."

"डावीकडून?"

"डावीकडून जास्तच जोरात विचारतेय. इकडे ये."

तिने बोंडं उलटी केली. जो उजवा उत्तम होता तो त्याच्या डाव्या कानात घातला, आणि जो तीन जोडांपासून बदनाम होता तो उजव्यात. बदनाम डावा उजव्या कानात उत्तम बोलू लागला. उत्तम उजवा डाव्या कानात बंद पडला. म्हणजे कानाच्या बाजूने बघितलं तर काहीच बदललं नव्हतं.

एजे काही तरी बोलली. ती त्याच्या डावीकडे होती. मग ती उठून उजवीकडे आली आणि पुन्हा म्हणाली, "काम काय करतोस रे तू?"

"जॅकेटं शिवतो."

"बाजूला काय असतं?"

एसेनबेकने मनातल्या मनात आपल्या जागेवर बसून पाहिलं. समोर भिंत. उजवीकडे खिडकी. डावीकडे टिचबटणं ठोकायचं मशीन, सेकंदाला एक बटण, अकरा वर्षं.

"खिडकी असते," तो म्हणाला.

एजेने त्याला चहा दिला. त्यात साखर तिने विचारल्याशिवायच जास्त घातली होती, यावरून त्याला प्रकरणाचा अंदाज आला.

एका कानाने परीक्षा देता येते. त्याची काळजी नव्हती. पण परीक्षेनंतर डॉक्टर असतो, आणि डॉक्टर दोन्ही कान बघतो. शनिवारी तो स्वतःहूनच सरकारी दवाखान्यात गेला. कानाच्या डॉक्टरीणबाई खोलीच्या कोपऱ्यात जाऊन पाठमोऱ्या कुजबुजल्या. उजव्या कानाने त्याने सगळे आकडे बरोबर सांगितले. मग बाईंनी त्याचा उजवा कान बोटाने दाबून बंद करायला लावला.

बायकोने त्याला सांगून ठेवलं होतं, की आकडे दोनच अंकी असतात, अंदाजाने ठोक. त्याने मनात पाच मोजले.

"चौसष्ट," तो ठामपणे म्हणाला.

बाई वळल्या. त्यांनी त्याला बोट काढायची खूण केली.

"मी अजून सुरुवात केली नव्हती," त्या म्हणाल्या.

त्यांनी कागदावर लिहिलं. खूप वेळ लिहिलं. डावा कान किती गेलाय ते एका ओळीत मावलं, बाकीचं तो परत येणार नाही याबद्दल होतं. "मशीनपासून लांब बसा," त्या म्हणाल्या. "उजवा तरी राहील."

"उजवीकडे खिडकी आहे."

"उत्तम," बाई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी तो हेडफोन घेऊन कंटेनरपाशी गेला.

"आता काय झालं?" एजेने विचारलं. ती आठवणीने उजवीकडे आली होती.

"काही नाही. चांगले आहेत. मला लागत नाहीत आता. पैसे परत मिळतील का?"

थर्मासचं झाकण एजेने उघडलं आणि परत लावलं. "मिळतील," ती म्हणाली. "बोहनी होऊ दे."

तो स्टुलावर बसला. थोड्या वेळाने कॉलेजची एक मुलगी आली. तिने चार जोड काढायला लावले, चारही नापसंत केले आणि एसेनबेकला विचारलं, "तुम्ही कुठले वापरता?"

"हे."

"कसे आहेत?"

"दोन्ही चांगले आहेत," तो म्हणाला. मग खरं बोलायची सवय होती म्हणून पुढे म्हणाला, "उजव्याचं मी सांगतो. डाव्याचं ह्या एजे सांगतील."

मुलीने घेतले. एजेने नोट मालावरून फिरवली, कपाळाला लावली, आणि गल्ल्यातून चारशे सोम काढून एसेनबेकच्या तळहातावर ठेवले. तो उठला.

"उद्या येशील ना?"

"कशाला? परत करायला काही राहिलं नाही."

एजेने फळीवरून एक नवा जोड उचलला, वायर गुंडाळली आणि त्याच्या खिशात घातला.

"हा घेऊन जा," ती म्हणाली. "उद्या सकाळी परत आणून दे."

मार्श्रुत्कात तो उभा राहिला. बसलेल्या लोकांना म्हाताऱ्यांचा त्रास होतो, हे तो शिकला होता. काही सुचेना म्हणून त्याने नवा जोड कानात घातला आणि धडा लावला. बाईने स्टेशन कुठे आहे ते विचारलं. ती तीन सारखी अक्षरं त्याला पहिल्यांदाच वेगवेगळी ऐकू आली, अगदी स्वच्छ. तिकडे आहे, तो तिला म्हणाला, आणि कारखान्याच्या थांब्यावर उतरला.