पट्ट्यावरच्या नऊ फेऱ्या

मित्रांनो, आमच्या घरी पाहुणे आले आणि धाकट्या लेकीच्या लग्नाचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "बॅग उशिरा आली ना, म्हणून गाडी चुकली!" ती बॅग म्हणजे मी. गडद निळ्या कापडाची, कोपऱ्यांवर झिजलेली, आता कपाटाच्या माथ्यावर पडून असलेली. माणसं माझ्यादेखत माझ्यावर खापर फोडतात, वर हसतात आणि चहा पितात. आजवर मी गप्प राहिले. पण खोटं किती वर्षं ऐकून घ्यायचं? आज खरं काय घडलं ते सांगते.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. दोन बायकांनी मला शिवलं. एका माणसानं माझ्यात वाळूच्या पिशव्या कोंबल्या आणि कमरेच्या उंचीवरून मला चार वेळा दाणकन खाली टाकलं. मी फाटले नाही, तेव्हा त्यानं माझ्या कानाला पास झाल्याची चिठ्ठी बांधली. म्हणजे मी काही ऐऱ्यागैऱ्या घरची नव्हे.

दुकानातून मला आईनं निवडलं. आई म्हणजे या घरातली आई. तिचं कपडे शिवायचं दुकान होतं, त्यामुळे तिनं माझा रंग पाहिला नाही, टाके पाहिले. चेन पंधरा वेळा उघडून मिटली, आतलं अस्तर उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "शिलाई घट्ट आहे. ही टिकेल." एवढं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही. त्यानंतर मी पडेल ते काम केलं. घाऊक बाजारातून कापडाचे तागे आणले. धाकटीला वसतिगृहात पोचवलं. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात दोन महिने इस्पितळातल्या खाटेखाली राहिले. कधी म्हणून कुणाला उशीर केला नाही.

पुढे धाकटी नोकरीसाठी परदेशी गेली आणि तिथंच तिनं लग्न ठरवलं. लग्न नोंदणी कार्यालयात, दुपारी चार वाजता. त्या दिवशी शेवटची वेळ तीच होती. आईनं तिच्यासाठी मोतिया रंगाचा लांब झगा शिवायला घेतला. मापं फोनवर घेतली. खालच्या घेरावर बारीक पानांची वेल हातानं भरली. दिवसा गिऱ्हाइकांचे कपडे आणि दुपारी जेवणानंतर तासभर वेल, असं चार महिने चाललं होतं. तो झगा मलमलीत गुंडाळून, घडीघडीत पातळ कागद घालून तिनं माझ्यात ठेवला, तेव्हा मला दडपणच आलं होतं.

आता थोरल्याबद्दल सांगते. आईचा हा थोरला मुलगा. घरात त्याला सगळे 'वेळापत्रक' म्हणत, कारण कुठली गाडी किती वाजता कुठे पोचते हे त्याला तोंडपाठ असे. त्याचा त्याला भारी अभिमान. प्रवासाची आखणी अर्थात त्यानंच केली. विमान सकाळी दहा दहाला उतरणार. विमानतळावरच्या स्टेशनातून अकरा पंचवीसची गाडी. तीन वाजता धाकटीच्या गावी.

तिकीटवाल्या बाईंनी त्याला तोंडावर सांगितलं होतं, "साहेब, विमान आणि गाडी यांच्यात निदान तीन-चार तास ठेवा. आणि लग्न त्याच दिवशी असेल तर एक दिवस आधी जा."

"सव्वा तास आहे की! आणि एक दिवस आधी म्हणजे माझी एक रजा फुकट."

आईनंही विचारलं, "अरे, लग्न चारला आणि आपण पोचणार तीनला? काही मागेपुढे झालं तर?"

"आई, तिकडे सगळं काट्यावर चालतं. तू उगाच काळजी करतेस. स्टेशन विमानतळाच्या खालीच आहे. चहा पिऊन गाडीत बसू."

मित्रांनो, या वाक्याचा मला आजही संताप येतो. काट्यावर काय चालतं, तर गाडी! माणसांच्या रांगा कुठे काट्यावर चालतात?

विमान दहा पंचवीसला उतरलं. पंधरा मिनिटं म्हणजे फार उशीरसुद्धा नव्हे. मला विमानाच्या पोटातून बाहेर काढलं, गाडीवर घातलं आणि दहा पन्नासला मी सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर हजर झाले. समोर भिंतीवर हे भलं मोठं घड्याळ होतं. मी इकडेतिकडे पाहिलं. आमचं कुणीच नाही.

कसं असणार? विमानाचं दार उघडायलाच वेळ गेला होता. मग बस. मग पासपोर्ट तपासायची रांग, सात वळणांची, आणि काचेआड दोनच माणसं. इकडे मी पट्ट्यावर फिरते आहे. एक फेरी झाली, दुसरी झाली. शेजारची लाल पेटी गेली, बाळाची गाडी गेली. मी एकटी गरगरते आहे आणि पोटात आईची चार महिन्यांची मेहनत. नऊ फेऱ्या! नवव्या फेरीला, अकरा वाजून आठ मिनिटांनी, थोरला धापा टाकत आला आणि मला ओढत म्हणाला, "ही आता आली होय?"

आता आली! मला वाचा असती तर तिथंच सुनावलं असतं.

मग पळापळ सुरू झाली. स्टेशन खाली होतं खरं, पण या इमारतीच्या नव्हे, पलीकडच्या इमारतीच्या. थोरल्यानं कागदावर 'विमानतळ स्टेशन' एवढंच वाचलं होतं. मधल्या लांब बोगद्यातून आई चपला हातात घेऊन धावत होती. लिफ्टपुढे ही गर्दी. म्हणून त्यानं मला जिन्यावरून ओढत नेलं, प्रत्येक पायरीवर आपटत. शेवटच्या वळणावर माझं एक चाक तुटून घरंगळत गेलं. कुणी मागे वळून पाहिलं नाही. आम्ही फलाटावर पोचलो तेव्हा गाडी समोर उभी होती. दारं मात्र बंद. तिथे गाडी सुटण्याच्या दोन मिनिटं आधी दारं मिटतात. गार्ड बाईंनी मान हलवली आणि गाडी हळूच निघून गेली. आईचा हात हवेत तसाच राहिला.

थोरल्यानं मला लाथ मारली. "मेली ही बॅग! हिच्यामुळे गेली गाडी!"

तिकीट खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "मधे किती वेळ ठेवला होता?"

"सव्वा तास."

"अहो, मी इथे रोज कामाला येते. मला नुसतं या इमारतीतून त्या इमारतीत जायला वीस मिनिटं लागतात. विमानाचं आणि गाडीचं तिकीट वेगवेगळं, म्हणजे गाडी चुकली तर जबाबदारी तुमची. पुढची गाडी दोन पंचवीसला. पोचेल सहाला."

सहा. कार्यालय पाचला बंद होणार होतं.

आईनं धाकटीला फोन लावला. पलीकडून रडण्याचा आवाज मलाही ऐकू आला. "आई, मी थांबते. पुढची तारीख दीड महिन्यानं मिळेल. मी थांबते गं."

आई माझ्यावरच बसली होती. तिचा आवाज अगदी स्थिर. "मुळीच थांबायचं नाही. तिकडची माणसं जमली आहेत. तू लग्न कर. मी येतेच आहे."

"आणि झगा?"

"झगा कुठे जातोय? माझ्यापाशी आहे."

चार वाजता आम्ही दुसऱ्या गाडीत होतो. आईनं फोन कानाला घट्ट लावला होता. आधी अधिकाऱ्याचा आवाज आला, मग खुर्च्या सरकल्याचा, मग गाडी बोगद्यात शिरली आणि सगळं बंद पडलं. बोगदा संपला तेव्हा फोनमध्ये टाळ्या वाजत होत्या. लेकीचा 'हो' तिला ऐकूच आला नाही. तिनं फोन मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

सहा वाजता धाकटी आणि जावई फलाटावर उभे होते. तिच्या अंगावर मैत्रिणीचा हिरवा झगा होता, खांद्यात सैल. आईनं तिला जवळ घेतलं, मग जागच्या जागी बाकावर मला उघडलं आणि कागद काढू लागली. एकही सुरकुती नव्हती, मित्रांनो. जिन्यावर आपटूनही मी तो झगा जपला होता. धाकटी प्रतीक्षागृहात जाऊन तो घालून आली. आई गुडघ्यांवर बसली, घेर नीट केला आणि तशीच, वेलीला हात लावून, हमसाहमशी रडली.

थोरला जावयाला सांगत होता, "काय करणार! बॅग उशिरा आली."

आईनं मान वर केली. डोळे पुसले नाहीत. "बॅग आपल्या आधी आली होती. पट्ट्यावर एकटीच फिरत होती, मी पाहिलंय. उशीर विमानतळावर नाही झाला. उशीर तू घरी खुर्चीत बसून केलास, ती एक रजा वाचवताना."

थोरल्याची मान खाली गेली. पण पुढे काय? घरी आल्यावर महिन्याभरात तेच वाक्य पुन्हा सुरू! आई आत असेल तेव्हा, हळू आवाजात.

दोन वर्षांनी आई एकटी धाकटीकडे निघाली. माझं चाक तिनं चांभाराकडून बसवून घेतलं आणि तिकीट स्वतः काढायला गेली.

"मधे किती वेळ ठेवू?" तिकीटवाल्या बाईंनी विचारलं.

"पाच तास."

"अहो आजी, एवढा वेळ काय कराल?"

"बसेन."

त्या दिवशी पासपोर्टच्या रांगेतच सव्वा तास गेला. लिफ्ट बंद होती, म्हणून एका हमालानं मला खाली नेलं. तरी आईच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. फलाटावरच्या बाकावर बसून तिनं माझ्यातून एक अर्धवट शिवलेला सदरा काढला आणि त्याला निवांत बटणं लावली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, दूरदेशी जाल. विमान टेकतं ती वेळ विमानाची असते, तुमची नव्हे. दार, रांग, सामान, जिने, चुकलेली वाट या सगळ्यांना त्यांचा वेळ द्या. स्टेशन कुठल्या इमारतीखाली आहे ते निघण्याआधी विचारा. आणि एवढं करूनही उशीर झालाच, तर तो स्वतःच्या तोंडानं कबूल करा. आम्हा मुक्या वस्तूंना लाथा मारू नका.

तर त्या दिवशी गाडी आली. आईनं आधी मला आत ठेवलं, मग दांडीला धरून सावकाश स्वतः चढली. दारं मिटायला अजून चार मिनिटं होती.