पंचेचाळीस दात्यांचा स्प्रॉकेट

मित्रांनो, मी एक जुना स्प्रॉकेट आहे. नाव ऐकून बिचकू नका. मोटरसायकलच्या मागच्या चाकाला एक पोलादी चकती जोडलेली असते, तिच्या कडेला दाते असतात आणि त्या दात्यांवरून साखळी फिरते. ती चकती म्हणजे मी. इंजिन कितीही गुरगुरले तरी त्याचा जोर चाकापर्यंत पोहोचवणारे आम्हीच. एवढे असूनही गाडीचे कौतुक करताना कोणी आमच्याकडे वाकून बघत नाही. लोक टाकीचा रंग बघतात, दिवा बघतात, आरशात स्वतःचे केस बघतात. असो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जाड पोलादी पत्र्यातून मला कापले, भट्टीत लालबुंद तापवले आणि लगेच तेलात बुडवले. अंगात कणखरपणा यायचा तर एवढे सोसावेच लागते. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी माझ्या कडेवरून बोट फिरवले आणि त्या शेजारणीला म्हणाल्या, “हा छान उतरलाय.” असे शब्द पुढे फारसे वाट्याला आले नाहीत, म्हणून ते मी जपून ठेवले आहेत. मला पंचेचाळीस दाते दिले होते. हा आकडा लक्षात असू द्या.

मला एका लाल स्पोर्ट्स मोटरसायकलला बसवले. ही गाडी पुढे झुकून चालवायची असते, आणि ती घ्यायला येतात तीही बहुधा कोवळ्या वयाची मंडळी. पण आमची गाडी घेतली एका घड्याळजींनी. पन्नाशी उलटलेली, अंगाने किडकिडीत, नाकावर जाड चष्मा. ते गाडीवर चढून बसले तेव्हा शोरूममधल्या विक्रेत्यांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. घड्याळजींनी ते पाहिले आणि हसण्यावारी नेले. ही गाडी त्यांना विशीपासून हवी होती. इतकी वर्षे ज्याने वाट पाहिली, तो कोपरखळ्यांना कशाला भीक घालेल?

खरी अडचण वेगळीच होती. घड्याळजींच्या बायकोचा धाकटा भाऊ भरधाव मोटरसायकलवरून पडून वारला होता. तेव्हापासून ती कोणाच्याही मागे बसली नव्हती. नव्या गाडीभोवती तिने एक फेरी मारली, सीटवर हात ठेवला आणि म्हणाली, “मी बसेन. तुमची एवढी हौस आहे तर बसेन. पण साठच्या वर जायचं नाही. गेलात, तर मी तिथेच उतरेन आणि पुन्हा कधी बसणार नाही.”

“साठ म्हणजे साठ,” घड्याळजी म्हणाले. “एकसष्ट नाही.”

मित्रांनो, त्या माणसाने शब्द दिला तो मनापासून दिला. पुढे जे घडले ते ऐकताना एवढे विसरू नका.

दर रविवारी ती दोघे शेजारच्या गावी तिच्या आईकडे जाऊ लागली. सुरुवातीला ती दोन्ही हातांनी मागची कडी घट्ट धरून बसायची. हळूहळू तिचा एक हात सुटला. मग एका रविवारी ती मागे बसून शेतातली बुजगावणी मोजायला लागली आणि प्रत्येकाला नात्यातल्या कोणाचे तरी नाव द्यायला लागली. घड्याळजी हेल्मेटच्या आत हसायचे. माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस होते.

पण घड्याळजींच्या कानाला एक गोष्ट खटकत होती. आयुष्यभर घड्याळांची टिकटिक ऐकलेला तो कान. साठच्या वेगाला इंजिनाची होणारी धांदल त्यांना सहन होईना. “हे इंजिन कायम बस चुकल्यासारखं धावतंय,” ते म्हणायचे. शेवटी त्यांनी गाडी गॅरेजमध्ये नेली.

मेकॅनिकने त्यांना हिशेब समजावला. मागच्या स्प्रॉकेटचे दाते कमी केले की तेवढ्याच वेगाला इंजिनाला कमी फेरे मारावे लागतात. इंजिन निवांत होते, पण गाडी जागेवरून जरा जड उचलते. तो म्हणाला, “चाळीसचा बसवू. त्याच्या खाली जाऊ नका.”

“निवांत करायचं तर पुरतं करा,” घड्याळजी म्हणाले. “कपाटात तो छत्तीसचा दिसतोय, तो लावा.”

मेकॅनिकने पान्याच्या टोकाने मान खाजवली. गिऱ्हाइकापुढे कोणाचे चालते? त्याने चाक उतरवले, माझे नट सोडले, मला बाजूला ठेवले आणि माझ्या जागी तो छत्तीस दात्यांचा किरकोळ गडी बसवला. साखळी लांब पडत होती म्हणून तिच्या काही कड्या काढल्या. सगळे घट्ट करून झाल्यावर तो म्हणाला, “एकदा मीटरचंही बघून घेऊ या. काटा आता...”

“काट्यांचं माझ्यावर सोडा,” घड्याळजींनी त्याला मध्येच थांबवले. “माझं आयुष्य काट्यांत गेलंय.”

मेकॅनिक हसला आणि पुढच्या गाडीकडे वळला. बोलणे तिथेच राहिले.

मला एका फडक्यात गुंडाळून घड्याळजींनी दुकानात आणले आणि कामाच्या टेबलावरच्या खिळ्याला अडकवले. मला फार वाईट वाटले. एकही दाता झिजला नव्हता, अंगावरची चकाकीही गेली नव्हती आणि ऐन उमेदीत मी घरी बसलो. वर शेजार कसला, तर मनगटी घड्याळांतल्या चाकांचा. ती इतकी नाजूक, की चिमट्याशिवाय उचलत नाहीत आणि श्वास लागला तरी उडतात. त्यांच्यात मी म्हणजे गाण्याच्या बैठकीत चुकून शिरलेला पैलवान. घड्याळजी माझ्या भोकांत स्क्रू-ड्रायव्हर खोचून ठेवायचे. तेवढाच माझा उपयोग.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. त्या गाडीच्या मीटरला मागचे चाक दिसत नाही. इंजिनाशेजारी एक लहान स्प्रॉकेट असतो, त्याच्या फेऱ्यांवरून मीटर वेग ठरवतो. मागे पंचेचाळीस दात्यांचा मीच आहे, असे धरूनच कारखान्यात तो काटा बसवलेला असतो. मला काढून छत्तीसचा बसवल्याचे काट्याला कोणी सांगितले नव्हते. छत्तीस दाते असले की चाक जास्त भरभर फिरते आणि काटा बिचारा जुन्याच हिशेबाने वेग सांगत राहतो. काटा साठवर आला की इंजिनाची धांदल खरे तर पूर्वीइतकीच असणार, पण घड्याळजी आता कानापेक्षा काट्यावर भरवसा ठेवून होते. हे मला खिळ्यावर लटकल्या लटकल्या समजत होते. पण पोलादाला तोंड कुठे असते?

घड्याळजींची बायको रोज दुपारी दुकानात डबा घेऊन यायची. पहिल्या रविवारनंतर ती म्हणाली, “काल आपण फार लवकर पोहोचलो हो. आईची आंघोळसुद्धा व्हायची होती.”

“रस्ता मोकळा होता,” घड्याळजी म्हणाले.

पण तिने त्यांच्या डोक्यात किडा सोडला होता. ती गेल्यावर त्यांनी स्वतःचे मनगटी घड्याळ उघडून तपासले, दुकानातल्या सगळ्या घड्याळांशी ताडून पाहिले. घड्याळ अगदी चोख होते. त्यानंतर बराच विचार करून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की रस्त्याकडेचे अंतराचे दगडच चुकीच्या जागी रोवले आहेत. मी कपाळावर हात मारला असता, पण मला दोन्ही नाहीत.

पुढच्या खेपेनंतर ती हसत नव्हती. “वारा वेगळा लागतो,” ती म्हणाली. “डोळ्यांत पाणी येतं. आधी येत नव्हतं.”

“अगं, काटा साठच्या खाली होता. मी सारखा बघत होतो.”

“काट्याचं नाही बोलत मी. मला काय वाटतं ते सांगतेय.”

“वाटण्याला काय अर्थ आहे? समोर आकडा लिहिलेला असतो ना,” असे म्हणून घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावले. तिने डबा बांधला आणि ती निघून गेली.

त्यानंतर एका सोमवारी डबा आला नाही. सासूबाईंचा फोन आला आणि घड्याळजी त्यांना सगळे सांगू लागले, तेव्हा मला कळले. पुलाच्या आधी एक वळण आहे. त्या वळणाआधी ती तीनदा “हळू” म्हणाली होती. तिसऱ्यांदा तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगितले होते. घड्याळजींनी प्रत्येक वेळी काट्याकडे बोट दाखवले. वळणावर खडी पसरली होती. मागचे चाक सरकले, गाडी रस्त्याच्या कडेपर्यंत घसरत गेली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. कोणाला खरचटलेही नाही. ती खाली उतरली, हेल्मेट काढून त्यांच्या हातात दिले आणि म्हणाली, “काटा खरा असेल, तर मी वेडी आहे. आणि मी वेडी नाही. मी बघत नसते तेव्हा तुम्ही वेग वाढवता.” मग ती बसची वाट बघत उभी राहिली.

“आई, मी शपथेवर सांगतो,” घड्याळजी फोनवर म्हणत होते, “मी साठची रेघ ओलांडली नाही.” बायकोला दिलेला शब्द पाळूनही खोटारडे ठरायचे, हे त्यांना गिळवत नव्हते. आणि तिला तर त्याहून जड गेले असणार. ज्या माणसावर भरवसा ठेवून ती इतक्या वर्षांनी गाडीवर बसली, त्यानेच तिला फसवले असे तिला वाटत होते.

गाडी दुकानामागच्या आवारात कापडाखाली गेली. घड्याळजी दुपारी एकटेच बिस्किटे खायचे. घरात दोघांत कामापुरते बोलणे उरले होते, असे त्यांच्या तोंडूनच फोनवर ऐकले.

मग एके दिवशी दुरुस्तीला एक भिंतीवरचे मोठे घड्याळ आले. ते भलतेच पुढे पळत होते. घड्याळजींनी ते उघडले, चाके बाहेर काढली, एकेकाचे दाते मोजले आणि नाक मुरडले. “कोणीतरी शहाण्यानं कमी दात्यांचं चाक घातलंय,” ते स्वतःशीच पुटपुटले. “चाक बदललं की काटा खोटं बोलणारच.”

एवढे म्हणून ते थांबले. हातातले चाक हातात तसेच राहिले. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले.

त्यांनी माझ्या भोकांतले स्क्रू-ड्रायव्हर काढून ठेवले, मला खाली घेतले, एका दात्यावर खडूची खूण केली आणि मोजायला लागले. पंचेचाळीस. मग खडू घेऊन ते आवारात गेले. परत आले तेव्हा गुडघ्यांना माती आणि बोटांना काळे ग्रीस लागले होते. तिथे छत्तीस होते. पुढचा हिशेब करायला त्यांना कागद लागला नाही; सगळी उमर त्यांनी हेच हिशेब केले होते. “पंचाहत्तर,” ते म्हणाले. काटा साठ दाखवत असताना त्यांनी तिला पंचाहत्तरच्या वेगाने नेले होते.

खरे सांगतो मित्रांनो, त्या क्षणी मला धास्ती वाटली. त्यांच्यापुढे एक सोपी वाट होती. गुपचूप गॅरेजमध्ये जायचे, मला परत बसवायचे आणि बायकोला म्हणायचे, ‘बघ, पूर्वीसारखंच तर चालवतो आहे.’ कोणाला पत्ता लागला नसता. तिला मात्र जन्मभर वाटत राहिले असते, की चूक आपल्याच डोक्याची होती.

घड्याळजींनी दुकान बंद केले, मला काखेत मारले आणि सरळ घर गाठले.

ती कपड्यांना इस्त्री करत होती. त्यांनी मला टेबलावर ठेवले.

“अहो, टेबल काळं होईल,” ती म्हणाली.

“होऊ दे. तू म्हणत होतीस ते खरं होतं. हा काढून मी लहान बसवला आणि काट्याला ते कळलंच नाही. तो साठ सांगत होता, आपण पंचाहत्तरनं जात होतो. वळणावरसुद्धा.”

तिने इस्त्री उभी केली, बटण बंद केले. तिने माझ्या दात्यांवरून बोट फिरवले. “म्हणजे तुम्ही मला फसवलं नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

घड्याळजींनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांना वाटले, मिटले. मलाही तसेच वाटले. पण तिचे बोलणे संपले नव्हते.

“काटा चुकतोय हे पटायला तुम्हाला दाते मोजावे लागले,” ती म्हणाली. “मी सांगत होते. पाठीवर हात ठेवून सांगत होते. तेवढं पुरलं नाही.”

त्यांनी चष्मा काढला आणि ग्रीसच्या हातांनीच पुसायला लागले. तिने तो त्यांच्या हातातून घेतला आणि पदराने स्वच्छ करून परत दिला.

मला पुन्हा गाडीला बसवले. मेकॅनिकने साखळीत काढलेल्या कड्या घातल्या आणि या वेळी घड्याळजींनी त्याचे सगळे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. तरी बरेच रविवार ते एकटेच सासूबाईंकडे गेले. एके सकाळी मात्र ती हेल्मेट घालून गाडीपाशी येऊन उभी राहिली. मागची कडी तिने दोन्ही हातांनी धरली.

पुलाचे वळण जवळ आले. रस्ता कोरडा होता, खडी झाडून काढलेली होती. वेग पंचेचाळीस होता आणि या खेपेला काटा अगदी खरा होता.

“हळू,” ती मागून म्हणाली.

घड्याळजींची मान मीटरकडे झुकायला लागली. मग ती अर्ध्यातच थांबली आणि रस्त्याकडे वळली. लगेच माझ्यावरची साखळी सैल पडली, म्हणजे त्यांनी वेगाची मूठ सैल सोडली होती. गाडी मंदावत वळणात शिरली. तिने कडीवरचा एक हात काढला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे फिरलो. आता माझे दाते झिजून हुकांसारखे वाकले आहेत आणि मी पुन्हा त्याच खिळ्यावर आहे, पण या वेळी मनात खंत नाही. तुमच्याकडे गाडी असेल तर साखळीला वेळेवर तेल द्या, आमचे दाते झिजले की बदला आणि गाडीत काही फेरफार केला तर मीटर तपासून घ्या. हे सगळे मेकॅनिकही तुम्हाला सांगेल. माझे मागणे एवढेच आहे. मागे बसलेले माणूस ‘हळू’ म्हणाले, तर मित्रांनो, आधी हळू व्हा. काट्याकडे मग बघा.