मागच्या दाराचा ब्रश

मी एक जुना रंगाचा ब्रश आहे, मित्रांनो. रुंदी तीन इंच, मूठ लाकडाची, गळ्यात पत्र्याची पट्टी. सध्या मुक्काम अडगळीच्या खोलीत, खिळ्यावर. केसांचा पार दगड झाला आहे. पण मी स्वतःचं रडगाणं गाणार नाही. मला एका बाईबद्दल सांगायचं आहे.

मला विकताना दुकानदार म्हणाला होता, "तीन वर्षं बघायला नको." मी नऊ वर्षं टिकलो. त्याचं सगळं श्रेय बाबांनी दुकानदाराला देऊन टाकलं.

या घराचा एक नेम होता. थंडी सरली, झाडांना पालवी फुटली, की पहिल्या उबदार रविवारी सगळ्यांनी मिळून मागचं दार रंगवायचं. माणसं चार: बाबा, आई, थोरला आणि बारकी. रंग ठरवायची पाळी दर वर्षी एकाची. बाबांची पाळी आली की निळा. थोरल्याने एकदा काळा लावला, तेव्हा शेजारी काळजीने चौकशी करून गेले. बारकीने गुलाबी निवडला आणि त्यातला निम्मा स्वतःलाच लावून घेतला. आईची पाळी आली की ती म्हणे, "मला काय, कुठलाही चालेल." आणि खरोखरच कुठलाही चालवून घेतला जाई. एकदा थोरला हटून बसला म्हणून नारिंगी, एकदा डब्यात उरला होता म्हणून हिरवा.

रंगवून झालं की सगळे चार पावलं मागे सरून दाराकडे बघत. बाबा मला उंच धरून म्हणत, "ब्रश बाकी अस्सल आहे हं." मी फुगून जाई. मग मला डब्याच्या झाकणावर टाकून मंडळी जेवायला पळत.

यापुढचं कुणी पाहिलेलं नाही. आई सगळ्यांना वाढून पुन्हा बाहेर येई. जुन्या डब्यात टर्पेंटाइन ओतून मला त्यात बुचकळून काढी, मग साबणाने धुई. एका मोडक्या कंगव्याने माझे केस विंचरी, पेपरात गुंडाळून मला खिळ्याला लटकवी आणि मग गार झालेलं जेवण जेवायला जाई. वेणी घालताना बारकी जेवढी ओरडे, तेवढं ओरडायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

दहाव्या वर्षी, थंडी सरायच्या आत आई आजारी पडली आणि गेली.

तरी उबदार रविवार आलाच. तिघं दारासमोर येऊन उभे राहिले.

"पाळी कुणाची?" बाबांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"आईची," बारकी म्हणाली.

"मग निळाच आणू. तिला निळा आवडायचा."

"बाबा, निळा तुम्हाला आवडतो."

"हिरवा?" थोरला म्हणाला. "मागे तिच्या पाळीला हिरवाच होता ना."

"तो उरला होता, दादा."

इतकी वर्षं जिच्या हातचं जेवले, तिचा आवडता रंग तिघांत मिळून एकालाही सांगता येईना. शेवटी पांढरा आणला. पांढरा कुणाला नावडत नाही, असं बाबांचं म्हणणं पडलं.

दार झालं. मला झाकणावर ठेवून तिघं आत गेले. मी वाट पाहत राहिलो. आता डबा सरकवल्याचा आवाज येईल, आता येईल. ऊन कललं. माझे केस टोकापासून आवळत आले.

पुढच्या रविवारी दाराची खालची कड राहिली म्हणून बाबांनी मला उचललं. दाराला टेकवलं, तर टक् असा आवाज आला.

"हा असा कसा झाला? नऊ वर्षं तर काही झालं नाही."

"धुतला होता का कुणी?" बारकीने विचारलं.

"धुवायचा असतो?" बाबा म्हणाले.

थोरल्याने अडगळीची खोली धुंडाळून टर्पेंटाइनचा तो जुना डबा आणला. आत कंगवा होता. त्याच्या दातांच्या बुडाशी निळा, नारिंगी, काळा, गुलाबी, हिरवा, सगळे वाळून बसले होते. बाबा उंबऱ्यावर बसले आणि कंगवा उलटसुलट करून पाहत राहिले. घरातल्या प्रत्येकाचा रंग त्यात होता. तिचा तेवढा नव्हता.

मग त्यांनी मला टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि विंचरायला घेतलं. दुपारभर विंचरत होते. कंगव्याचे दोन दात तुटले, मी काही सुटलो नाही. "राहू द्या, बाबा," असं मुलांपैकी कुणी म्हटलं नाही.

यंदा नवा ब्रश आला. पाळी थोरल्याची.

"मला काय, कुठलाही चालेल," तो म्हणाला.

बारकीने कमरेवर हात ठेवले. "तसं नाही चालणार. नीट सांग."

त्याने बराच विचार केला. "काळा," तो म्हणाला. बाबा लगेच काळा आणायला निघाले. रंगवून झाल्यावर तिघं मिळून ब्रश धुवायला बसले आणि जेवण गार झाल्यावर उठले. नवा ब्रश आता माझ्या शेजारी लटकतो. गडी मऊ आहे आणि त्याला वाटतं, आपण अस्सल आहोत.

मित्रांनो, ब्रश वापरला की लगेच धुवा. वाळल्यानंतर केलेली सेवा फुकट जाते. आणि तुमच्या घरात "मला कुठलाही चालेल" म्हणणारं कुणी असेल, तर त्या माणसाला आजच पुन्हा एकदा विचारा. मी नऊ वर्षं तिच्या हातात होतो. विचारलं मीही नाही.