आवाजाची परवानगी

थोरली आणि धाकटी, सख्ख्या बहिणी, एकाच कचेरीत काम करत. वाचनालयांतल्या संगणकांसाठी लिनक्स या मोफत संगणकप्रणालीची पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचे बसवायला तयार संच, बनवायचे, हे काम. कोण लॉगिन झालंय, त्याला आवाज, कॅमेरा वापरू द्यायचा की नाही, हे ठरवणारा सेशनचा प्रोग्रॅम थोरलीने नऊ वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. पण तो मुळात लिहिणाऱ्या बाहेरच्या मंडळींनीच आता त्यातून अंग काढून घेतलं. त्याच्या जागी नवा बसवायचं काम साहेबांनी दिलं धाकटीला.

"ताई, वाईट नाही ना वाटलं?"

"छे गं, मला कशाला?" थोरली म्हणाली, आणि आतून जळून खाक झाली. लहानपणापासून कौतुक धाकटीचं, आणि हिच्या वाट्याला 'तू मोठी ना, समजून घे.'

चाळीस पॅकेजेस जुन्या प्रोग्रॅमवर अवलंबून होती. धाकटीने एकेकात जुन्याच्या जागी नव्याचं नाव घातलं आणि यादी ताईपुढे धरली. "एकदा नजर टाकशील?"

थोरलीला लगेच दिसलं. अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. यादीत नाव बदललं तरी त्याच्या आत जुन्यालाच परवानगी मागणारी एक ओळ होती. तो सुरू होईल, पण आवाज फुटणार नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली.

गुरुवारी वाचनालयात चाचणी होती. साहेब शेजारी उभे. एक अंध शिक्षिकाबाई हेडफोन लावून बसल्या. काहीच ऐकू येईना.

"माझंच बोट चुकलं असेल," म्हणत त्यांनी कळ पुन्हा दाबली. मग पुन्हा.

धाकटीचा चेहरा उतरला. हाच क्षण थोरलीने मनात चार दिवस घोळवला होता, पण बाईंचं ते चाचपडणारं बोट तिला बघवेना.

"बाई, तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "हिचंही नाही. मला दिसलं होतं, मी बोलले नाही."

तिने ती ओळ तिथेच बदलून दिली. बाई हसल्या, वाचू लागल्या.  धाकटीने यादी मिटून पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी धाकटीने यादी पुन्हा काढली.

"मी बघू?" थोरलीने विचारलं.

"नको, ताई."

तिने पलीकडच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या सहकाऱ्याला हाक मारली. दोघं खुर्च्या जोडून एकेक ओळ तपासू लागली, मध्येच कशावरून तरी हसली. थोरलीला आता त्या चष्मेवाल्याचा हेवा वाटला.