दहावं उत्तर

अणुवीज केंद्रात वापरून झालेलं इंधन पाण्याच्या खोल टाकीत ठेवतात. त्याच्या कांड्यांच्या जुड्या फार जवळ आल्या, तर अणूंची साखळी आपणहून पुन्हा पेटू शकते. किती अंतर पुरे, हे दहा देशांनी एकाच काल्पनिक टाकीची माहिती संगणकात भरून आपापलं मोजलं. नऊ जण म्हणाले, दिलंय तेवढं पुरे. ‘पुरत नाही’ म्हणणारी एकटी होती, भारताकडून मोजणारी, भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीतली संघप्रिया कांबळे.

“अगं, नऊ जण चुकतील का?” तिचे वरिष्ठ पराग सर फोनवर वैतागले. “सोमवारच्या मीटिंगआधी उत्तर मागे घे. हसं होईल आपलं. परत कोणी बोलावणार पण नाही.”

तिच्या तोंडचं पाणी पळालं. दहा देशांच्या या गटात शिरायला सहा वर्षं लागली होती.

रविवारी सकाळी अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिचा उतरलेला चेहरा पाहिला. पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. अणूतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण चूक कशी धरायची ते पक्कं ठाऊक होतं.

“मूळ कागद आण. मी मोठ्याने वाचतो, तू भरलेल्या माहितीत बघ. आणि घाईघाईत हो-हो करायचं नाही.”

टाकीची माहिती दिलेला तो कागद सगळ्या देशांना वाटलेला, त्यात गुपित काही नव्हतं. अप्पा टिंबसुद्धा सोडेनात. शेजारच्या भाभी डोकावल्या, “भाईसाब, आज कोई पाठ है क्या?”

तीन तासांनी शेवटची ओळ आली. एकही चूक नव्हती.

“मग मागे का घ्यायचं?” अप्पा म्हणाले. “एकटं पडलं म्हणून?”

तिने सगळ्यांना मेल लिहिली: माझं उत्तर कायम आहे, आपणही आपली माहिती मूळ कागदाशी ताडाल का? आणि पाठवून दिली.

सोमवारी ती घरूनच ऑनलाइन मीटिंगला बसली, पराग सर ऑफिसातून. समन्वयक हेलेना बाई बोलायच्या आधीच एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी हात वर केला. “चूक माझी आहे.” त्यांनी भरलेली फाइल सोयीसाठी सगळ्यांना पाठवली होती आणि बाकी आठांनी ती जशीच्या तशी उचलली होती. संघप्रियाकडे ती उघडलीच नव्हती, म्हणून तिने सगळं हाताने भरलं. शेकोटीत आडवं टाकलेलं लाकूड मधे जळतं आणि टोकं कच्ची राहतात, तशीच इंधनाची कांडी. मूळ कागदात तसंच होतं, पण फाइलमध्ये टोकंही जळालेली धरली होती, म्हणून उरलेलं इंधन कमी दिसलं आणि अंतर पुरेसं वाटलं. नऊ उत्तरं कसली, एकाच वहीवरून केलेली नक्कल ती!

भांडायच्या तयारीने बसलेली संघप्रिया विरघळलीच. “सर, उघडली असती तर मीही तीच वापरली असती,” ती म्हणाली आणि ते मोकळे हसले.

यापुढे प्रत्येक देशाने स्वतः भरायचं आणि दोघांनी वाचून ताडायचं, असं ठरलं.

“आमच्याकडे ही पद्धत पहिल्यापासून आहे,” पराग सरांनी लगेच सांगून टाकलं.

“छान! दुसरं वाचन कोण करतं?” हेलेना बाईंनी विचारलं. “अहवालात नाव घालू.”

पराग सरांनी माइक बंद केला.

“माझे वडील,” संघप्रिया म्हणाली. “अप्पा, जरा इकडे या. तुमचं नाव नीट सांगा यांना.”