बारावं मूल

“मुलाशी बोलताना त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावं म्हणे! एकदा खाली बसले तर मला उठवायला कोण येणार, हिचं सर्टिफिकेट?”

सासूबाई भिंतीशी बोलत होत्या, पण भिंत आणि सून यांच्यात जेमतेम दोन हात अंतर होतं. सुनेनं चप्पल चढवता चढवता ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. त्यात ती आता तरबेज झाली होती. पाळणाघरातली तिची उमेदवारी वर्षाची, त्यातले सहा आठवडे उरलेले. सहा आठवडे कुणी काही बोललं नाही, तर निभावलं.

न बोलण्यासारखं होतं ते असं. सव्वातीन वर्षांची चिंगी दिवसभर आजीजवळ असायची. दुपारी आजी रक्तदाबाची गोळी घ्यायच्या, आणि मग गोळी आजींना घेऊन जायची. त्या घोरायला लागल्या की चिंगी स्टूल ओढायची, कडी काढायची आणि दोन जिने उतरून खाली शिंप्याच्या दुकानात जाऊन बसायची. दुकानाच्या पायरीला लागूनच रस्ता, आणि वळणावरून येणारे टेम्पो हॉर्न वाजवायची तसदी घेत नसत. पहिल्यांदा शिंपीकाकांनी तिला वर आणून सोडलं तेव्हा सगळे हसले. “आईच्या आधी लेकीला नोकरी लागली!” असं चिंगीचा बाबा म्हणाला. दुसऱ्यांदा जरा कमी हसले. त्यानंतर कुणी विषयच काढला नाही. संध्याकाळी चिंगीचे हात धुताना मात्र आई गुपचूप नखं बघायची. कापडावर खुणा करायचा निळा खडू नखांत असायचा. बरेचदा असायचा. मुलांचं बारीक निरीक्षण करायचं, हेच तर ती शिकत होती. या खडूची नोंद तेवढी तिनं कुठल्याच वहीत केली नव्हती.

पाळणाघरात तिला नवीताई म्हणत. तिथला खरा नियम एकच, बाकीचे सगळे त्याच्या पोटातले : दार उघडलं की डोकी मोजायची. अंगणात जाताना, आत येताना, हात धुवायला नेताना. नुसते आकडे म्हणायचे नाहीत. चेहरा बघायचा, मनात नाव घ्यायचं, आणि शेवटी आकडा मोठ्यानं सांगायचा. आज अकरा मुलं होती.

आणि आज तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. निघताना स्टूल कुठे होतं? स्वयंपाकघरात की दाराजवळ? रंग कालवताना स्टूल, नाकं पुसताना स्टूल. तिनं एकाचा डबा दुसऱ्याला भरवला. दोघांनीही तक्रार केली नाही, उलट खूश होते. दुपारी मुलं अंगणातून आत घेताना ती दारात उभी राहिली. गोट्या, जुळ्या बहिणी, चावरा, बाहुलीवाली... मनात नावं घेत गेली.

“बारा!”

पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाई हजेरी लिहिता लिहिता थबकल्या. “किती?”

“बारा.”

मूल कमी भरलं तर काय करायचं ते सगळ्यांना पाठ होतं. जास्त भरलं तर काय, हे कुणी शिकवलंच नव्हतं. शेजारचं पोर कुंपणातून घुसलं की काय, म्हणून स्वयंपाकाच्या मावशींनी टेबलाखालीही वाकून पाहिलं. मोठ्या बाईंनी पुन्हा मोजलं. अकरा.

“बारावं नाव कुणाचं घेतलंस गं?”

‘चुकून झालं’ म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “चिंगीचं. माझ्या मुलीचं.”

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. “घरी सांभाळायला मोठं माणूस आहे, असं फॉर्मवर लिहिलंयस तू.”

“आहे.”

“मग?”

तिनं अंगणाच्या दाराची कडी लावली आणि पुन्हा ओढून पाहिली.

“जा घरी. आजचं मी बघते. पण उद्या मला या ‘मग’चं उत्तर हवंय.”

बसमध्ये जागा होती तरी ती उभीच राहिली. उतरल्यावर जिन्याकडे न जाता थेट दुकानात शिरली. चिंगी मशीनच्या पायडलाशेजारी बसून बटणं लावत होती, मोठी इकडे, छोटी तिकडे.

“रोजचीच आहे हो,” शिंपीकाका म्हणाले. “माझं लक्ष असतं. फक्त माप घ्यायला आत गेलो की...” पुढचं वाक्य त्यांनी दोऱ्याबरोबर दातानं तोडलं.

वर दार सताड उघडं होतं. सासूबाई नुकत्याच उठलेल्या, गालावर उशीची घडी उमटलेली. त्यांनी पायानं स्टूल हळूच भिंतीकडे सरकवलं.

“आज लवकर गं? ही आत्ताच गेली हो खाली. पाचच मिनिटं झाली असतील.”

“हं.”

“शिंपी भला माणूस आहे. परका का आहे?”

“नाही.”

“आणि तुझे सहा आठवडे काय, हां हां म्हणता जातील. मग बघू काय ते.”

चिंगी तिच्या कडेवर होती, मुठीत एक चोरलेलं बटण. खाली टेम्पो वळला. खिडकीची काच थरथरली. दोघींनीही तिकडे पाहिलं नाही.

“आई,” ती म्हणाली, “चिंगीला सांभाळणं तुम्हाला आता झेपत नाही. मला हे केव्हाचं माहीत आहे. माझं शिकणं सुटेल, म्हणून मी गप्प बसले.”